सरकार आणि पोलीस लोकांच्या सार्वजनिक पोस्ट तपासासाठी वापरतात का, आणि अशा माहितीवर कितपत विसंबता येते?

वापरतात, आणि हे काही इंटरनेटपासून सुरू झालेले नाही. परदेशी रेडिओ प्रक्षेपणे ऐकून त्यांचे सारांश सरकारला पुरवण्याचे काम बीबीसीने १९३९ साली सुरू केले आणि १९४१ साली अमेरिकेनेही त्यासाठी स्वतंत्र सेवा उभारली. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग येथे संपतो. दुसऱ्या भागावर मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण अशी उघड माहिती तपासणाऱ्या तपासयंत्रणेच्या एका कक्षात मी अनेक वर्षे काम केले आणि तेथील एक वाद अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

एका गोदामाला जमावाने आग लावली होती आणि त्याची एक्केचाळीस सेकंदांची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरत होती. आमच्या हाती आलेली प्रत इतक्यांदा पुढे पाठवली गेली होती की तिच्यात मूळ मेटाडेटाचा (चित्रण केव्हा आणि कोठे झाले याच्या फाइलमधील नोंदींचा) मागमूस उरला नव्हता. म्हणून मी त्यात दिसणाऱ्या एका खांबाच्या सावलीची दिशा आणि लांबी मोजली, तो खांब उपग्रहचित्रात शोधला, त्या तारखेच्या सूर्यस्थितीशी सर्व ताडून पाहिले आणि चित्रण दुपारी साडेतीन ते चारच्या दरम्यानचे असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे मूळ चित्रण करणारा सापडला तेव्हा तो निष्कर्ष बरोबर ठरला, आणि त्याचा अभिमान मी लपवणार नाही.

अडचण झाली ती माणसाच्या ओळखीत. आग लावणाऱ्यांपैकी एकाने तोंडाला रुमाल बांधला होता, पण त्याच्या पाठीवरच्या सॅकवर एक गोल निळा बिल्ला स्पष्ट दिसत होता. तशीच सॅक, तोच बिल्ला आणि साधारण तीच अंगकाठी असलेला एक तरुण मला एका सार्वजनिक खात्यावर सापडला. मी अहवालात लिहिले की ही तीच व्यक्ती असण्याची शक्यता मध्यम आहे आणि दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याशिवाय कारवाई करू नये. वरिष्ठांकडे जाणाऱ्या एका पानाच्या टिपणात आमच्या साहेबांनी या वाक्याचे दोन शब्द केले : ‘ओळख पटली’. त्या तरुणाला सलग दोन दिवस चौकशीसाठी बसवून ठेवण्यात आले. तिसऱ्या दिवशी समजले की तो बिल्ला एका धावण्याच्या स्पर्धेतील प्रत्येक स्पर्धकाला दिलेला होता, स्पर्धक काही हजार होते, आणि घटनेच्या वेळी हा तरुण कामावर असल्याची नोंद उपलब्ध होती.

साहेबांचा युक्तिवाद असा होता की चित्र डोळ्यांसमोर असताना शक्यतेची भाषा कशाला हवी. मला तो तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. याच साहेबांकडे एखादा खबरी बातमी घेऊन आला की ते त्याला तीन वेळा उलटसुलट विचारत, त्याचे कोणाशी वैर आहे का हे पाहत आणि मगच पाऊल उचलत. पडद्यावरच्या छायाचित्राला मात्र त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. उघड मिळालेल्या माहितीला आपण गुप्तवार्ता म्हणतो (या शब्दांची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे), तर तिची छाननीही गुप्तवार्तेसारखीच व्हायला हवी. अनोळखी लोकांनी छायाचित्रे जुळवून काय होते, हे २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर दिसले होते. घटनेशी काडीचाही संबंध नसलेल्या एका बेपत्ता विद्यार्थ्याला इंटरनेटवर संशयित ठरवण्यात आले होते.

यावरून ही पद्धतच टाकाऊ आहे असा अर्थ काढू नये. २०१४ साली युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडल्या गेलेल्या एमएच १७ या प्रवासी विमानात २९८ जणांचा मृत्यू झाला. त्या तपासात क्षेपणास्त्र वाहून नेणाऱ्या वाहनाचा मार्ग ठरवताना सामान्य लोकांनी काढलेली छायाचित्रे आणि चित्रफिती मोलाच्या ठरल्या. मात्र २०२२ साली नेदरलँड्सच्या न्यायालयाने तिघांना दोषी ठरवले तेव्हा न्यायालयापुढे दूरध्वनी संभाषणे आणि इतर पुरावेही होते, आणि चौथ्या आरोपीची निर्दोष मुक्तता झाली. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१७ साली लिबियातील एका कमांडरविरुद्ध काढलेले अटक वॉरंट प्रामुख्याने समाजमाध्यमांवरील चित्रफितींवर आधारलेले होते, परंतु वॉरंट म्हणजे दोषसिद्धी नव्हे. मूळ प्रत कशी जपावी, ती कोणी, केव्हा आणि कोठून उतरवली याची नोंद कशी ठेवावी, हे सांगणारी बर्कली नियमावली २०२० पासून उपलब्ध आहे. ती न वाचता या कक्षात बसणाऱ्याला मी तरी बसू दिले नसते.

पोलिसांना यासाठी परवानगी लागते का, असेही तुम्ही विचाराल. एखादी सार्वजनिक पोस्ट पाहण्यासाठी सहसा लागत नाही. एखाद्याच्या सगळ्या पोस्ट, चेहरे आणि ठिकाणे वर्षानुवर्षे गोळा करून एकत्र जोडणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचे नियम देशागणिक बदलतात. इंटरनेटवरून चेहरे गोळा करून पोलिसांना शोधसुविधा विकणाऱ्या क्लिअरव्ह्यू एआय या कंपनीला २०२२ साली इटली, ग्रीस आणि फ्रान्सच्या नियामकांनी प्रत्येकी २ कोटी युरोंचा दंड केला, यावरून ‘उघड आहे म्हणजे कोणीही कसेही वापरावे’ हा समज किती कच्चा आहे हे लक्षात येईल.

एक गोष्ट सांगायची राहिली. बिल्ला किती जणांकडे असू शकतो, हे शोधायला मला फार तर एक तास लागला असता, आणि तो तास मी सावली मोजण्यात घालवला. शिवाय साहेबांनी त्या वादात मला एक प्रश्न विचारला होता : सावधगिरीचा शेरा इतका महत्त्वाचा होता, तर तो अहवालाच्या चौथ्या पानावर का होता? पहिल्या पानावर मी दोन सॅकची छायाचित्रे शेजारी शेजारी लावली होती आणि दोन्ही बिल्ल्यांभोवती लाल वर्तुळे काढली होती.