इराणमधल्या मध्ययुगीन वाडग्यांवर काळपट पार्श्वभूमीवर पांढरा सिंह किंवा पक्षी दिसतो. तो रंगवलेला असतो की कोरलेला?

कोरलेला, आणि तोही उलट्या पद्धतीने: प्राणी तसाच ठेवून त्याच्या भोवतालचा भाग खरवडून काढलेला असतो. कलेच्या इतिहासात ही भांडी ‘गर्रूस’ नावाने ओळखली जातात. वायव्य इराणमधली ही शैली साधारण 11व्या ते 13व्या शतकातली. तांबड्या मातीच्या भांड्यावर पांढऱ्या पातळ मातीचा लेप द्यायचा, तो ओलसर असतानाच पार्श्वभूमी खरवडून खालची गडद माती उघडी करायची, आणि वरून शिशाची पारदर्शक झिलई (काचेसारखा चकचकीत थर) चढवायची. झिलई बहुतेकदा हिरवी किंवा पिवळसर असते. डोळा, पंख, आयाळ असे बारकावे मात्र उरलेल्या पांढऱ्या लेपात टोकदार हत्याराने ओढलेले असतात. संग्रहालयात बघाल तर लेपाच्या कडेकडे नीट बघा: तिथे छोटीशी पायरी दिसते, नुसत्या रंगकामात ती नसते. सिंह, पक्षी, ससे आणि कल्पित प्राणी नेहमीचे. मोकळ्या जागेत वेलबुट्टी भरलेली. मला यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो तो म्हणजे वाडग्याच्या गोलाईत बसावं म्हणून प्राण्याचं अंग वळवणं.

एक लक्षात ठेवा: प्राणी बारीक रेषेने कोरून त्यात हिरवा, तपकिरी असे वेगवेगळे रंग भरलेले असतील तर ते भांडं बहुधा ‘आग्कंद’ शैलीचं. तिथे ती कोरलेली रेष झिलईचे रंग एकमेकांत मिसळू नयेत यासाठीही उपयोगी पडते.