स्टॅक वाढवू नकोस, आधी जोडी शोध

प्रिय बाळा,

काल रात्री तू पाठवलेला फोटो बघितला, तुझ्या जावा प्रोग्रॅमची स्क्रीनभर लाल अक्षरं आणि सगळ्यात वर स्टॅकओव्हरफ्लोएरर, म्हणजे स्टॅक, चालू कॉल्सची नोंद ठेवायची मेमरी, भरून गेली. आधीच सांगतो, घाबरून स्टॅक साइज वाढवायच्या मागे लागू नकोस, मी पहिल्या नोकरीत तेच करत बसलो होतो, दोन दिवस गेले, एरर तीच, फक्त जरा उशिरा यायची आणि तिकडे गिऱ्हाइकाचं बिलिंग ठप्प, अजून आठवलं की वाईट वाटतं.

आता तो फोटो परत उघड. पार्टी इनिट, बिल इनिट, पार्टी इनिट, बिल इनिट, खालपर्यंत हेच चाललंय (पार्टी म्हणजे तुझा गिऱ्हाइकाचा क्लास, इनिट म्हणजे त्याचा ऑब्जेक्ट बनतोय). सुरुवात कुठून झाली ते बघायला तळाशी जाशील तर बहुतेक सापडणार नाही, कारण जावा नेहमीच्या सेटिंगला 1024 च ओळी ठेवतं, खालच्या कापल्या जातात. म्हणून ही जोडी धर. पार्टी क्लासमधे फील्डसमोरच, म्हणजे क्लासमधल्या व्हेरिएबलसमोर, न्यू बिल (नवीन बिल बनव) लिहिलंयस आणि बिलमधे न्यू पार्टी, हो ना? ते न्यू एकदाच चालतं असं वाटतं पण तसं नाहीए गं, प्रत्येक ऑब्जेक्ट बनताना चालतं, कन्स्ट्रक्टरमधल्या, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमधल्या, तुझ्या ओळींच्याही आधी. मग पार्टीला बिल हवं, बिलाला नवी पार्टी, तिला परत बिल, पूर्ण कुणीच होत नाही.

चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात काय होतं बघ, गिऱ्हाईक आधी येतं, बिल नंतर फाडतात आणि त्यावर त्याच गिऱ्हाइकाचं नाव घालतात, बिलासाठी नवीन गिऱ्हाईक आणत नाहीत. तसंच कर. पार्टीत बिलांची रिकामी लिस्ट ठेव, आणि बिल बनवताना आहे तीच पार्टी कन्स्ट्रक्टरला दे. फील्ड नुसतं नल, म्हणजे काहीच न भरता, ठेवून एरर गप्प करू नकोस, ते पुढं दुसरीकडं फुटतं.

अजून एक, हे सुटलं की तू पार्टी प्रिंट करून बघशील आणि तीच एरर परत येऊ शकते. पार्टीचं टूस्ट्रिंग (प्रिंटसाठी ऑब्जेक्टचा मजकूर बनवणारी मेथड) बिलं छापत असेल आणि बिलाचं टूस्ट्रिंग पार्टी छापत असेल तर तिथंही तोच फेरा. बिलात पार्टीचं फक्त नाव छाप.

नाही जमलं तर रविवारी सकाळी पार्क चौकात ये, लॅपटॉपबरोबर चार्जरपण आण. आणि रात्री दोन-दोनपर्यंत जागू नकोस, काळजी वाटते.

तुझा,
दादा