सिकलसेल आणि जनुक संपादन : वाचकांचे प्रश्न

सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, आणि क्रिस्पर हे जनुक नेमक्या जागी कापून बदलण्याचं तंत्र. त्या उपचाराची बातमी छापून आली की विदर्भातून आणि नंदुरबारकडून तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून एकदा सविस्तर.

प्रश्न : माझा रिपोर्ट ‘एएस’ आला. मला जनुक संपादन करावं लागेल का?

नाही. तुम्ही वाहक आहात, रुग्ण नाही. लग्न ठरवण्याआधी समोरच्याचीही तपासणी करा आणि दोन्ही रिपोर्ट समुपदेशकाला दाखवा.

प्रश्न : क्रिस्पर भलत्याच जागी कापतं आणि कॅन्सर होतो, असं ऐकलं. खरं का?

ऐकीव गोष्टींवर उपचार ठरवू नका. भीतीला आधार आहे, पण नेमका कुठे ते समजून घ्या. क्रिस्परमध्ये जागा शोधणारा आरएनए नावाचा रेणू डीएनएची साधारण 20 अक्षरं जुळवतो आणि कॅस9 हे प्रथिन तिथे कापतं. आपल्या जनुकसंचात तीन अब्ज अक्षरं आहेत; एखाददुसऱ्या अक्षराचाच फरक असलेली जागा त्यात सापडते आणि कॅस9 तिथेही कापू शकतं. कर्करोगाशी संबंधित जनुकात असा छेद गेला तर धोका. म्हणून कॅस9 जास्त काटेकोर केलं गेलं, पेशीत ते थोडाच काळ राहील अशी सोय झाली. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्र संस्थेतले संशोधक फ्रान्सिसेला जिवाणूचं कॅस9 वापरतात. न जुळणारं अक्षर ते सहसा खपवून घेत नाही.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. छेद भलत्या जागी जातो का, ही तपासणी कोणाच्या जनुकसंचावर झाली? 2023 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅसजेवी या सिकलसेलवरच्या क्रिस्पर उपचारपद्धतीचंच उदाहरण घ्या. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या एकाच अक्षराच्या फरकामुळे तिच्या आरएनएला एक नवी जागा मिळते, आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत तिथे छेद गेलेला दिसला. प्रमाण मानलेल्या जनुकसंचात ती जागा दिसतच नाही! मग गोंड, माडिया, भिल्ल, पावरा मुलांचं काय? जीनोम इंडिया या भारतीय जनुकसंच प्रकल्पाने 83 समाजगटांतल्या सुमारे 10,000 जणांचे संच वाचले, ही मोलाची सुरुवात. पण सिकलसेल जिथे आहे त्या प्रत्येक समाजातले पुरेसे संच तपासल्याशिवाय कोणी ‘अचूक’ म्हणू नये. अशा प्रायोगिक उपचाराच्या चाचणीत नाव देण्याआधी डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा.

प्रश्न : एक सेंटर आठ लाखांत ‘जीन करेक्शन’ करून देतो म्हणतं. आगाऊ रक्कम भरू का?

एक रुपयाही भरू नका. खऱ्या चाचणीची सीटीआरआय या भारताच्या चाचणी-नोंदवहीत नोंद असते आणि प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ झाली तर उठून या. त्यांचे कागद शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : गर्भातच दुरुस्ती करता येईल?

नाही. पुढच्या पिढीत उतरेल असा बदल भारतात निषिद्ध आहे. गर्भजल तपासणीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, तेही लवकर.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, ‘एसएस’ म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. नवा उपचार येणारच आहे, तर हायड्रॉक्सीयुरिया हे रोजचं औषध थांबवावं का?

अजिबात नाही. कॅसजेवीला 2023 मध्ये मान्यता मिळाली ती 12 वर्षांपुढच्यांसाठी, अमेरिकेत तेव्हा तिची किंमत 22 लाख डॉलर होती, आणि आधी बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यामुळे पुढे वंध्यत्व येऊ शकतं. वाट पाहण्यात गेलेल्या वर्षांत मेंदूला आणि मूत्रपिंडाला झालेली इजा कोणतंही संपादन भरून काढत नाही. गोळी रोज द्या, रक्ततपासणी चुकवू नका. सख्खं भावंड असेल तर याच महिन्यात त्याची एचएलए जुळणी (अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठीची तपासणी) करायची का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.