एसीई चाचणीत ६ गुण आले, आता पुढे?

एसीई म्हणजे लहानपणी मारहाण, दुर्लक्ष असे किती प्रकारचे वाईट अनुभव आले, ते मोजणारी प्रश्नावली. आधी एक सांगतो, तो आकडा म्हणजे निदान नव्हे. १९९८ च्या अमेरिकी अभ्यासात ४ किंवा जास्त प्रकारचे वाईट अनुभव असलेल्यांत नैराश्याचा धोका वाढलेला दिसला, पण तो गटाचा हिशोब आहे. मारहाण किती वर्षं चालली, पाठीशी आजी उभी होती का, हे त्यात मोजलंच जात नाही.

दार आपटलं की धडधडणं ही शरीराची जुनी राखण आहे, वेड नाही. आठवडाभर वहीत तीनच गोष्टी टिपा: काय घडलं, शरीरात कुठे जाणवलं, किती वेळात ओसरलं. रात्री एकट्याने जुन्या आठवणी उकरू नका. नवखे इथेच फसतात. झोप उडते आणि मग उपचारच सुटतात. आधी स्थिर होणं शिका: तळवे जमिनीला टेकवा, दिसणाऱ्या ५ वस्तू, ४ स्पर्श, ३ आवाज मनात मोजा.

थेरपिस्टला सरळ विचारा, आघातावरच्या उपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम) की सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम)? पहिल्याच भेटीत सगळं ओकायला लावणारा असेल, तर खुशाल बदला. जीव नकोसा झाला तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मराठीतही.