श्वासाच्या रकान्यात २०, २०, २०: सिस्टरांच्या नोंदींबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (स्टाफ नर्स, मिरज): दर चार तासांनी टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी आधी चार्टवर लिहायचं, मग तेच संगणकात भरायचं. यातून पेशंटला काय मिळतं?

सिस्टर, एकच नोंद दोनदा लिहायला लावणं चूकच आहे. इनचार्ज आणि मेट्रन यांच्याकडे लेखी मागणी करून ते बंद करून घ्या. नोंद मात्र मन लावून करा. कुठल्याही वॉर्डातला चार्ट उघडून बघा. नाडी ८८, ९६, १०८ अशी चढत जाते आणि श्वासाच्या रकान्यात ओळीने २०, २०, २०. पूर्ण मिनिट छातीकडे बघत मोजायला सवड कुठे असते? म्हणून तो आकडा अंदाजाने पडतो. पण पेशंट खालावायला लागला की पुष्कळदा श्वासाचाच वेग आधी वाढतो.

ब्रिटनमध्ये २०१२ पासून ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) ही पेशंट खालावतोय का ते ओळखायची गुणपद्धत वापरतात. २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, रक्तातला ऑक्सिजन, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप अशा सात गोष्टींना गुण असतात. श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २१ ते २४ ला दोन, २५ किंवा जास्त असेल तर तीन. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, ७ झाली की आणीबाणी. (लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांना ही पद्धत लावू नका.) संगणक बेरीज क्षणात करून देईल, पण तुम्ही २० भरलंत तर तो शून्यच धरणार. नाइट ड्युटीला फोनवर ‘पेशंट बरोबर वाटत नाही’ एवढंच सांगण्याऐवजी ‘स्कोअर दोनवरून सहावर गेलाय, श्वास २६ आहे’ असं सांगून बघा. तुमच्या शब्दाला वजन येतं आणि पेशंटचे मोलाचे तास वाचतात.

प्रश्न (इनचार्ज सिस्टर, कराड): गेल्या महिन्यात वॉर्डात तीन बेडसोर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) झाले, या महिन्यातही तीनच. म्हणजे आमची मेहनत वाया गेली का?

पेशंट किती होते, ते कळल्याशिवाय सांगता येणार नाही. रोज रात्रीच्या हेड काउंटची महिन्याची बेरीज करा. ते तुमचे रुग्णदिवस. समजा गेल्या महिन्यात ते ६०० होते, तर हजार रुग्णदिवसांमागे प्रमाण ५. या महिन्यात ९०० असतील, तर ३.३. ही सुधारणाच आहे. मात्र घरूनच जखम घेऊन आलेला पेशंट वेगळा मोजा, म्हणजे दाखल होतानाच पाठ, माकडहाड, टाचा बघून लिहायला हवं. त्याच वेळी ब्रॅडन स्केल, म्हणजे बेडसोरचा धोका मोजायचा गुणतक्ता, तोही भरा. एकूण गुण ६ ते २३ असतात. १८ किंवा कमी असेल तर धोका आहे असं समजून कूस बदलण्याच्या वेळा ठरवून टाका.

आणि कळकळीने सांगते, कोणाच्या ड्युटीत बेडसोर झाला ते नाव फळ्यावर लिहू नका. पुढच्या महिन्यात आकडा कमी होईल, पण तो नोंदी लपवल्यामुळे.

प्रश्न (एएनएम म्हणजे उपकेंद्राची नर्सताई, जत तालुका): रजिस्टर, टॅब, पोर्टल सगळं भरते. त्यात रेंज नसते. माझ्या हाती काय येतं?

तुमच्या हाती यायला हवी ती ड्यू लिस्ट: कोणत्या बाळाचा डोस चुकला, कोणती गरोदर बाई तपासणीला आली नाही. ती दर आठवड्याला काढून आशाताईंबरोबर वाचा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची नोंद निघण्याआधी पूर्ण करा. यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर बाळाची नोंद असेल तर पुढचा डोस दुसऱ्या गावीही देता येतो.

प्रश्न (पेशंटचा मुलगा, सातारा): सिस्टरांनी बाबांच्या केसपेपरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. हे चालतं का?

बहुधा डॉक्टरांना ताबडतोब दिसावा म्हणूनच पाठवला असेल. तरीही नाव-पत्ता झाकूनच पाठवावा, आणि ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. रुग्णालयाने यासाठी स्वतःची सुरक्षित सोय केली पाहिजे. तसं लेखी कळवा. शिवाय केसपेपरच्या प्रती मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत त्या द्यायच्या असतात. डिस्चार्जच्या वेळी औषधांचा चार्टही मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना तो लागेल.