आधी वायर, ॲम्प्लिफायर नंतर

प्रश्न: पुण्यात बाणेरला ३ बीएचकेचा ताबा मिळाला आहे, इंटिरियरचं काम चालू आहे. हॉल, स्वयंपाकघर, आमची बेडरूम, आईवडिलांची खोली आणि बाल्कनी अशा पाच ठिकाणी भिंतीत बसणारे ॲम्प्लिफायर आणि छतात स्पीकर लावायचे आहेत. जीएसटी धरून कोटेशन २,५७,८३० रुपयांचं आलंय. गृहकर्जाचा हप्ता ५४ हजार आहे. बँक टॉप-अप, म्हणजे याच गृहकर्जावर वाढीव कर्ज द्यायला तयार आहे आणि एप्रिलमध्ये १,८०,००० रुपये बोनस मिळेल. पैसे कशातून काढू? पुढच्या आठवड्यात फॉल्स सीलिंग सुरू होतंय.

उत्तर: आई पोळ्या लाटताना रेडिओ लागलेला असायचा आणि तो आतल्या खोलीत अभ्यासाला बसल्यावरही ऐकू यायचा, असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय. तेव्हा घरभर गाणं हवं ही तुमची हौस आजची नाही, आणि तिला मी उधळपट्टी म्हणणार नाही. पण टॉप-अपमधून हा खर्च करू नका, हे आधीच स्पष्ट सांगतो.

२० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी हिशेब केला, तर या रकमेचा हप्ता महिना २,२४० रुपयांच्या आसपास येतो. ऐकायला किरकोळ वाटतो, पण एकूण परतफेड सुमारे ५,३७,००० होते. आता ८ वर्षांनंतरची स्थिती बघा. तेव्हा या कर्जातले साधारण २ लाख रुपये फेडायचे शिल्लक असतील, आणि भिंतीतले ॲम्प्लिफायर बहुधा बदलायला आलेले असतील. शिवाय तुम्ही नव्या कररचनेत आहात, म्हणजे राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावटही मिळत नाही.

तुमचं कोटेशन मी ओळ न् ओळ वाचलं. ॲम्प्लिफायर पाच, प्रत्येकी २२,०००. स्पीकरच्या पाच जोड्या, प्रत्येकी १४,०००. बसवणं आणि सेटिंग २०,०००. वायरिंग १८,५००. यातली फक्त शेवटची ओळ आत्ताच करावी लागते, कारण जिप्सम बोर्ड चढलं आणि रंग लागला की तेच काम तोडफोडीचं होतं. बाकी सगळं दोन वर्षांनीही घेता येतं. तांब्याची वायर ३० वर्षं टिकेल. ब्लूटूथ आणि वायफायवर चालणाऱ्या वस्तूचं तसं नसतं. क्रोमकास्ट ऑडिओ हे वायफायवरून स्पीकरवर गाणी लावणारं गूगलचं चांगलं चालणारं उपकरण २०१५ मध्ये आलं आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याचं उत्पादन बंदही झालं. ते निदान टेबलावरचं होतं, बाजूला ठेवता आलं.

माझ्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी २०१६ मध्ये बसवलेलं असंच एक पॅनेल आहे, तळहाताएवढं, काचेचं. तीन वर्षांत त्याचं ॲप नव्या फोनवर चालेनासं झालं. कंपनीने दुरुस्तीऐवजी नवीन मॉडेल सुचवलं, पण त्याचा बॉक्स वेगळ्या मापाचा, म्हणजे पुन्हा छिन्नी आणि पुन्हा रंग. आज त्या जागेवर कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यामागच्या वायरी मात्र ठणठणीत आहेत, आणि त्यांच्यावरच टीव्हीखालच्या साध्या ॲम्प्लिफायरने रोज गाणी लागतात.

म्हणून आत्ता जीएसटीसह २१,८३० रुपयांचं वायरिंग पाचही ठिकाणी करून घ्या. स्पीकरच्या सगळ्या वायरी टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात आणा, पुढे साधा ॲम्प्लिफायर तिथेच ठेवायचा आहे. तिथे प्लग पॉइंट आणि कॅट-६ (इंटरनेटची) केबलही हवी. स्वयंपाकघराची वायर नेताना स्विचबोर्डाशेजारी एक रिकामा बॉक्स ठेवून त्यातून न्या आणि त्या बॉक्सलाही विजेचं कनेक्शन द्या. वर ब्लँक प्लेट लावा. ओट्याजवळ हात पुसून लगेच आवाज कमी-जास्त करावासा वाटतो, तिथे भिंतीतला ॲम्प्लिफायर मलाही पटतो. वायर दीड स्क्वेअर एमएमची घ्या. १५ मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध ०.३६ ओहम होतो, ८ ओहमच्या स्पीकरला तेवढा चालतो. विजेच्या वायरीच्या पाइपातून ती नेऊ देऊ नका, इलेक्ट्रिशियन पाइप वाचवायला तसं करतात.

तुमच्या इमारतीच्या भिंती मायवानच्या, म्हणजे सलग काँक्रीटच्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. तिथे झिऱ्या मारू नका. रेरा कायद्यानुसार ताब्यापासून ५ वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. तुम्हीच सळईपर्यंत खोदलंत, तर उद्या गळती झाली की बोट तुमच्याकडे दाखवलं जाईल. वायर छतातूनच फिरवा.

बोनस आधी आणीबाणीच्या निधीत जाऊ द्या. हप्ता धरून तुमचा महिन्याचा खर्च १,०५,००० आहे आणि हाताशी फक्त १,४०,००० आहेत. सहा महिन्यांचे ६,३०,००० हवेत. दोघांच्या पगारावर हप्ता चाललाय आणि आईवडील सोबत आहेत, त्यामुळे मला याचीच जास्त काळजी वाटते. वायरिंगचे पैसे मात्र बोनसमधून आगाऊ गेल्यासारखे धरा. हॉलचे स्पीकर दिवाळीत घ्या. बाकीच्यासाठी महिना ५,००० ची आवर्ती ठेव सुरू करा, वर्षाला एक जागा सहज पुरी होईल. एकाच ॲम्प्लिफायरवर ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर जोडल्या तर भार ४ ओहमचा होतो, तेव्हा तो तेवढं पेलतो का ते घेताना बघा.

न्यू जर्सीहून भाऊ भिंतीतला ॲम्प्लिफायर स्वस्तात आणतो म्हणतोय, त्याला उपकरणावरचा छाप वाचायला सांगा. नुसतं १२० व्होल्ट असेल तर नको; १००-२४० असेल तरी तिकडचा बॉक्स आपल्या मॉड्युलर बॉक्समध्ये बसत नाही आणि वॉरंटी तिकडेच राहते. स्वयंपाकघरासाठी पुढे इथलाच घ्याल तेव्हा ऑक्स इनपुट (वायरीने फोन किंवा रेडिओ जोडायची सोय) असलेला घ्या, म्हणजे ॲप बंद पडलं तरी तो चालेल.

आईवडिलांच्या खोलीत वायर राहू द्या, पण खर्च आत्ता एका चांगल्या रेडिओवर करा. सकाळी सातच्या बातम्या लावायला तुमच्या वडिलांना फोन शोधायला लागू नये, हाताशी फिरवायचं बटण हवं.

बोर्ड चढण्याआधी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना खोलीच्या नावाची चिठ्ठी लावा. छताचे फोटो काढा, भिंतीपासूनचं अंतर दिसेल अशी मोजपट्टी धरून. आणि ते फोटो घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.