प्लेट निघण्याआधी

सोलापूर

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढतो आहेस, त्याचा फार आनंद झाला. पण ‘मांडणी प्रेसवालाच करून देईल’ या तुझ्या वाक्याशी मी अडलो. आपल्याकडे जॅकार्डची, म्हणजे विणीतच नक्षी असलेली चादर मागावर चढण्याआधी नक्षी आलेखाच्या कागदावर चौकट न् चौकट भरून काढतात, मग त्यावरून मागाला नक्षी सांगणारी भोकांची पंचकार्ड पाडतात. कार्डात एक भोक चुकलं की ती चूक प्रत्येक चादरीत उतरते. ऑफसेट छपाईत ज्या धातूच्या प्लेटवरून पानं छापतात, तिचंही तसंच आहे. म्हणून मांडणीकाराला पैसे दे, आणि आधी आतल्या पानांसाठी दे.

देवनागरीत मात्रा, रफार शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार खाली उतरतात. १३ पॉइंटाच्या (पॉइंट हे छपाईतलं माप) अक्षराला ओळींमध्ये १९-२० पॉइंट अंतर हवंच. इंग्रजीच्या सवयीने १५ ठेवलं, की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो आणि वाचणारा दहा पानांत थकतो. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात बांधणीकडचा समास २० मिलिमीटर धर. पर्फेक्ट बाइंडिंगचं, म्हणजे पानं कण्याला (पुस्तकाच्या पाठीला) चिकटवलेलं पुस्तक सपाट उघडत नाही, कमी जागा सोडली तर अक्षरं कण्यात गडप होतात.

सगळ्यात जास्त घात फाँट बदलताना होतो. तू युनिकोडमध्ये टाइप केलंस, प्रेसमध्ये ते युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये वळवलं, की जोडाक्षरं फुटतात. ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हस्व’, ‘उद्ध्वस्त’, ‘दुर्मिळ’ हे शब्द प्रत्येक प्रुफात शोधून बघ. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल, तर ‘कि’ची वेलांटी उजवीकडे जाऊन बसते. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच हवेत, त्यात तडजोड नको.

मुखपृष्ठ पानं पक्की झाल्यावरच, कारण कण्याची जाडी पानांवर ठरते. १६ पानी १२ फॉर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं म्हणजे एक फॉर्मा) म्हणजे १९२ पानं, दोन्ही बाजूंनी छापलेले ९६ कागद, कागद ०.१ मिलिमीटर जाड असेल तर कणा साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. पण हिशोबावर विसंबू नकोस, त्याच कागदाची कोरी डमी, म्हणजे नमुना प्रत, बांधून मागव आणि मोज. अंदाज दोन मिलिमीटरने जरी चुकला, तरी कण्यावरचं नाव घडीवर सरकतं. चित्र छापायच्या आकारात ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके), चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारा जादा भाग), रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर मलूल होतो, हे आधीच बघून घे. नेटवरून उचललेलं चित्र नको. चित्रकाराची लेखी परवानगी घे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो. अर्ज लवकर कर, म्हणजे बारकोड मलपृष्ठावर पांढऱ्या चौकटीत नीट बसेल.

मांडणीकार निवडताना त्याने केलेल्या छापील पुस्तकाची आतली पानं बघ. मूळ फाइल आणि पीडीएफ दोन्ही तुला मिळतील, असं आधीच लिहून घे.

मुखपृष्ठ चढवलेली डमी हातात आली की हिराचंद नेमचंद वाचनालयात घेऊन जा. विचारून कपाटात इतर पुस्तकांच्या रांगेत उभी ठेव, चार पावलं मागे सरक आणि कण्यावरचं नाव वाचता येतं का ते बघ. मगच प्लेट काढायला सांग.

तुझा शुभचिंतक